कोल्हापूरच्या रेल्वेवर देखरेख कोणाची? पासधारक आणि लांबच्या प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी रोज लेट होते. तक्रार कुठे करायची: कलेक्टर कचेरीत, आमदारांकडे की स्टेशन मास्तरांकडे?

कलेक्टर कचेरीत तर नकोच. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे हा विषय केंद्राच्या यादीत २२ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे गाडीची वेळ, थांबा, भाडे, डब्यांची संख्या यांवर जिल्हा प्रशासनाचा किंवा राज्य सरकारचा अधिकार चालत नाही. छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, म्हणजे कोल्हापूर स्टेशन, ते मिरज हा मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतो. म्हणजे पहिले दार पुण्याच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचे, म्हणजे डीआरएमचे. त्याच्या वर मुंबईत मध्य रेल्वेचे महाव्यवस्थापक आणि त्याच्याही वर दिल्लीत रेल्वे बोर्ड.

मिरजेपलीकडे बेळगावच्या दिशेने गेलात की दक्षिण पश्चिम रेल्वेचा हुबळी विभाग लागतो. घटप्रभेला गाडी अडकली म्हणून पुण्याला पत्र लिहिले तर ते फक्त पुढे पाठवले जाते, आणि त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. डब्याबद्दल तक्रार असेल तर गाडी उभी असताना बाहेरच्या बाजूला रंगवलेली अक्षरे पाहा. मालक रेल्वेची आद्याक्षरे आणि डब्याचा क्रमांक तिथे असतो, आणि त्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे डबा बांधल्याचे वर्ष सांगतात. तुटलेली खिडकी, बंद पंखा, तुंबलेले शौचालय अशा तक्रारीत हा क्रमांक असला की ती नेमक्या देखभाल डेपोपर्यंत पोचते.

मग राज्य सरकारचा काहीच संबंध नाही?

आहे, पण कडेकडेने. पोलीस हा राज्याचा विषय आणि त्यात रेल्वे पोलीसही आले. चोरी, मारामारी, छेडछाड यांचा गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. ते राज्याचे दल आहे आणि त्याचा खर्च राज्य आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात. आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, मात्र केंद्राचे. रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षा हे त्यांचे काम, पण चोरीची फिर्याद शेवटी लोहमार्ग पोलिसांकडेच जाते. फलाटावर खाकी दिसली म्हणून कोणाकडेही अर्ज देऊ नका, खांद्यावरचा बिल्ला वाचा.

नव्या मार्गासाठी भूसंपादन, उड्डाणपुलाच्या खर्चातला वाटा, स्टेशनबाहेरचा रस्ता ही कामे राज्याची किंवा महापालिकेची. परीख पुलाखाली पाणी तुंबले की लोक रेल्वेला शिव्या देतात. अशा ठिकाणी साधारण वाटणी अशी असते: रुळाखालची बांधणी रेल्वेची, खालचा रस्ता आणि गटार स्थानिक संस्थेचे. दोघांना एकच पत्र पाठवून दोघांचीही प्रत एकमेकांना लावा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

रेल्वेवर नियंत्रण ठेवणारी स्वतंत्र संस्था आहे का? विजेला, टेलिफोनला आहे तशी?

प्रवासी सेवेसाठी नाही, आणि बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे. गाडी चालवणारे, तिचे भाडे ठरवणारे आणि तिच्याबद्दलची तक्रार ऐकणारे एकच मंत्रालय आहे. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली होती. भाड्याबद्दल शिफारस करणे आणि प्रवाशांच्या हिताकडे पाहणे हे त्याचे काम असणार होते. ते प्रत्यक्षात उभे राहिले नाही. २०२५ मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली, १९०५ चा रेल्वे बोर्ड कायदा रद्द होऊन त्यातल्या तरतुदी १९८९ च्या कायद्यात आल्या, पण स्वतंत्र नियामक काही आला नाही.

रेल्वे दर न्यायाधिकरण नावाची संस्था आहे हे खरे. पण १९८९ च्या कायद्याच्या ३७ व्या कलमाने प्रवासी भाडे तिच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. गुळाच्या मालडब्याचे भाडे अन्यायकारक वाटले तर व्यापारी तिथे जाऊ शकतो, वाढलेल्या तिकिटासाठी प्रवासी जाऊ शकत नाही.

बाहेरून नजर ठेवणाऱ्या संस्था तीनच. संसद, म्हणजे ३१ खासदारांची रेल्वेविषयक स्थायी समिती आणि सभागृहातले प्रश्न. दुसरी कॅग (देशाच्या महालेखापरीक्षकांची संस्था), जी हिशेबाबरोबर कामगिरीही तपासते. गाड्या रुळावरून घसरण्याबद्दलचा तिचा २०२२ चा २२ क्रमांकाचा अहवाल वाचण्यासारखा आहे. आणि तिसरी संस्था सुरक्षा आयुक्तांची.

हे सुरक्षा आयुक्त रेल्वेचेच अधिकारी ना?

पदावर येणारे अधिकारी रेल्वेतून येतात, पण आयोग रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. ही विभागणी १९४१ पासूनची. जो गाडी चालवतो त्यानेच अपघाताची चौकशी करू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे. मुख्य आयुक्तांचे कार्यालय लखनौला, आणि मध्य रेल्वेसाठीचे आयुक्त मुंबईत.

नवा मार्ग किंवा दुसरा रूळ टाकला की त्यावर प्रवासी गाडी सोडण्याआधी आयुक्तांची तपासणी होते. ते मोटर ट्रॉलीवरून मार्ग पाहतात, पूल, वळणे, फाटके, सिग्नल तपासतात, मग इंजिन आणि डबे घेऊन वेगाची चाचणी होते. परवानगी बहुधा अटींसह येते: अमुक वेगमर्यादा, अमुक काम अमुक दिवसांत. ‘दुहेरीकरण झाले तरी गाडी आधीसारखीच रांगते’ ही तक्रार पुणे–मिरज मार्गावर ऐकू येते, तिचे एक कारण हेच. नव्या भरावाची माती बसेपर्यंत वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात.

गंभीर अपघातात रेल्वे कायद्याच्या ११४ व्या कलमाखाली चौकशी आयुक्त करतात. चौकशीची तारीख आणि जागा वृत्तपत्रात जाहीर होते. प्रत्यक्षदर्शी प्रवाशाने तिथे जाऊन जबाब द्यावा. वकील लागत नाही, तिकीट जवळ ठेवा.

कोल्हापूर–मिरज हे जेमतेम ४७–४८ किलोमीटर. तेवढ्यात गाडी अर्धा तास लेट कशी होते?

मार्ग एकेरी आहे. दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. मिरजेकडून येणारी एक्स्प्रेस दहा मिनिटे उशिरा आली की समोरची पॅसेंजर हातकणंगल्याला किंवा जयसिंगपूरला बाजूच्या रुळावर थांबते. एक्स्प्रेसला प्राधान्य, त्यामुळे दहाची वीस होतात. मिरज जंक्शनला पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर–कुर्डुवाडी अशा चारही दिशांच्या गाड्या फलाट मागतात. फलाट रिकामा नसेल तर तुमची गाडी स्टेशनच्या तोंडावर होम सिग्नलला उभी राहते. तिथेच लोक खाली उडी मारून चालायला लागतात. ते करू नका.

फाटक हे दुसरे कारण. इंटरलॉक केलेले, म्हणजे सिग्नलशी जोडलेले, फाटक पूर्ण बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल पिवळा-हिरवा होतच नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकात अडकली की गेटमनच्या हातात काही उरत नाही.

तिसरे कारण चेन. चेन ओढली की ब्रेक पाइपातली हवा सुटते. कर्मचाऱ्याला तो डबा शोधून बाहेरच्या बाजूचे हँडल पूर्ववत करावे लागते. मग पाइपातला दाब पुन्हा दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोपर्यंत चढला पाहिजे. मित्र अजून तिकीट काढतोय म्हणून ओढलेली चेन सगळ्या गाडीची दहा मिनिटे खाते. १४१ व्या कलमाखाली याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड आहे.

एक गोष्ट मात्र प्रशासनाला विचारण्यासारखी आहे. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला जादा मिनिटे ठेवलेली असतात. वाटेत वीस मिनिटे लेट असलेली गाडी शेवटच्या स्थानकात ‘वेळेवर’ दिसते ती यामुळे. वक्तशीरपणाचा आकडा शेवटच्या स्थानकावरून काढला, तर रुकडीला रोज थांबून राहणाऱ्या पासधारकाचा उशीर त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून तक्रारीत ‘गाडी लेट होते’ असे लिहू नका. तुमच्या स्थानकावरची ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ महिनाभर वहीत टिपा आणि तो तक्ता जोडा.

तक्रार नोंदवायची नेमकी रीत काय?

चालू गाडीत १३९ हा हेल्पलाइन क्रमांक किंवा रेल मदद हे रेल्वेचे तक्रार ॲप. आरक्षित प्रवासात पीएनआर, अनारक्षित असेल तर तिकिटावरचा यूटीएस क्रमांक लागतो. मोबाइलवर ओटीपी येतो, मग प्रकार निवडायचा, फोटो जोडायचा. इथे दोन चुका हमखास होतात. एक, ‘गाडी’ऐवजी ‘स्टेशन’ निवडले जाते आणि डब्यातल्या पाण्याची तक्रार फलाटाच्या माणसाकडे जाते. दुसरी, एकाच तक्रारीत पाणी, पंखा, फेरीवाला आणि उशीर असे सगळे कोंबले जाते. एका विभागाने आपले उत्तर दिले की सगळी तक्रार बंद होते. विषय चार असतील तर तक्रारी चार करा.

तक्रार बंद झाल्यावर अभिप्रायासाठी संदेश येतो. ‘संबंधितांना सूचना दिल्या आहेत’ एवढेच उत्तर असेल तर असमाधानी नोंदवा. बहुतेक लोक हा संदेश उघडतही नाहीत, आणि मग आकडेवारीत त्यांचे मौन समाधान म्हणून खपते.

पाण्याच्या बाटलीला जास्त पैसे घेतले तर बाटलीचा आणि विक्रेत्याच्या ओळखपत्राचा फोटो घ्या. सप्टेंबर २०२५ पासून १ लिटर रेल नीरची किंमत १४ रुपये आहे. ‘सुटे नाहीत’ म्हणून १५ किंवा २० घेणे ही जादा आकारणीच.

धोरणाची तक्रार, म्हणजे डबे कमी केले, गाडी बंद केली, जिना बंद आहे, अशी असेल तर रेल मदद कुचकामी. त्यासाठी केंद्राचे सार्वजनिक तक्रार पोर्टल, सीपीग्राम्स. २०२४ च्या सूचनांनुसार २१ दिवसांत निकाल अपेक्षित आहे. उत्तर पटले नाही तर तिथेच ३० दिवसांत अपील करता येते.

उशिराबद्दल पैसे परत मिळतात का?

गाडी तुम्ही जिथून चढणार त्या स्थानकावरून ३ तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण रक्कम. ई-तिकिटाला टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरायचा. सुटल्यावर भरलात की हक्क गेला. कोल्हापूरकरांसाठी यात एक मेख आहे: आपल्याकडे गाड्या इथूनच सुटतात, त्यामुळे सुटताना त्या बहुतेक वेळेवर असतात आणि वाटेत रखडतात. वाटेतल्या उशिराला हा नियम लागू नाही. परतीला पुणे किंवा मुंबईहून चढताना तो उपयोगी पडतो.

एसी बंद पडला तर गाडीतल्या टीसीकडून तसा दाखला घ्या आणि गाडी पोचल्यापासून २० तासांच्या आत टीडीआर भरा. टीसी ‘नंतर बघू’ म्हणाला तर तेव्हाच रेल मददवर नोंद करा, तोच पुरावा. गाडी रेल्वेनेच रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात. खिडकीवरचे तिकीट ३ दिवसांच्या आत खिडकीवरच द्यावे लागते.

प्रवास केला, पण उशिरामुळे नुकसान झाले. तेव्हा?

जिल्हा ग्राहक आयोग. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अजमेर–जम्मू गाडीच्या प्रकरणात ठरवले की चार तासांच्या उशिराचे पटणारे कारण रेल्वेने सिद्ध केले नाही तर ती सेवेतली त्रुटी. त्या कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले होते, भरपाई ३०,००० रुपये कायम झाली. यातून शिकण्याची गोष्ट म्हणजे नुकसान कागदावर हवे: टॅक्सीची पावती, हुकलेले आरक्षण. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथे दाखल करता येते, म्हणजे कोल्हापुरातच. मुदत २ वर्षे.

परताव्याची रक्कम, बुक केलेला माल आणि अपघात हे विषय मात्र ग्राहक आयोगाचे नाहीत, रेल्वे दावा न्यायाधिकरणाचे आहेत. चुकीच्या दारात वर्ष घालवलेले लोक कमी नाहीत.

बर्थखालची बॅग गेली. रेल्वे भरपाई देईल?

सहसा नाही. कलम १०० प्रमाणे बुक न केलेल्या, तुमच्या ताब्यातल्या सामानासाठी रेल्वेचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातल्या रोख रकमेच्या चोरीला सेवेतली त्रुटी मानले नाही. फिर्याद मात्र चालत्या गाडीतच द्या. पुढच्या मोठ्या स्टेशनपर्यंत थांबायची गरज नाही.

गाडीतून पडून कोणी दगावले तर घरच्यांनी काय करावे?

१२४-अ कलमाखाली गर्दीच्या गाडीतून पडणे ही ‘अनुचित घटना’ आहे आणि चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यूसाठी ८ लाख रुपये, १ जानेवारी २०१७ पासून. आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा, नैसर्गिक आजार हे अपवाद. दावा १ वर्षात. लागणारे कागद: स्टेशन मास्तरांचा मेमो, लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वारसाचे पुरावे. तिकीट सापडले नाही म्हणून दावा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या रीना देवी निकालानुसार नातेवाइकांनी प्रतिज्ञापत्र दिले की उलट सिद्ध करण्याचा भार रेल्वेवर जातो. पंचनाम्यात ‘रूळ ओलांडताना’ असे शब्द आहेत का ते सही करण्याआधी वाचा, पुढे सगळे त्या दोन शब्दांवर अडते.

आमच्या गावाला एक्स्प्रेसचा थांबा हवा आहे. निवेदन कोणाला?

निवेदनांनी रेल्वेची कपाटे भरली आहेत. थांब्याचा प्रस्ताव विभागाकडून मुंबईला आणि तिथून रेल्वे बोर्डाला जातो. थांबा मिळतो तो बहुतेकदा ६ महिन्यांच्या प्रयोगावर, आणि मग तिकीटविक्री पाहून पुढे चालतो किंवा जातो. म्हणून मागणीआधी आकडे हवेत. माहिती अधिकारात तुमच्या स्थानकावरची मागच्या १२ महिन्यांची महिनावार तिकीटविक्री मागा. अर्ज केंद्राच्या पोर्टलवर करायचा, महाराष्ट्र सरकारच्या नव्हे. इथेच निम्मे अर्ज वाया जातात. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘थांबा का देत नाही?’ असे विचारू नका, कारणे सांगणे त्यांना बंधनकारक नसते. ‘प्रस्तावाच्या फाइलवरील टिपणांची प्रत द्या’ असे लिहा.

हे आकडे घेऊन विभागीय रेल्वे वापरकर्ते सल्लागार समितीच्या सदस्याला गाठा. समितीत व्यापारी संघटना, प्रवासी संघटना, ग्राहक संस्था, लोकप्रतिनिधींनी सुचवलेले लोक असतात. मुदत २ वर्षांची. सुविधा, नवी स्थानके आणि वेळापत्रक हे तिचे विषय, कर्मचाऱ्यांच्या बदल्या-शिस्त नाहीत. ती फक्त सल्ला देते, हे विसरू नये. पण तिच्या इतिवृत्तात विषय आला की लेखी उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर खासदारांच्या लोकसभेतल्या प्रश्नाला कामी येते. मतदारसंघ दोन आहेत, कोल्हापूर आणि हातकणंगले. दोघांनी एकच मागणी लावून धरली तर वजन पडते.

स्टेशनचे काम मंजूर झाले म्हणतात, दिसत मात्र नाही. खरे कसे कळेल?

अर्थसंकल्पानंतर रेल्वेची ‘पिंक बुक’, म्हणजे मंजूर कामांची आणि त्यांच्या पैशांची यादी, प्रसिद्ध होते. मध्य रेल्वेचा भाग उघडा. शीर्ष ११ म्हणजे नवे मार्ग, १५ दुहेरीकरण, ३० उड्डाणपूल व भुयारी पूल, ३१ रूळ बदलणे, ५३ प्रवासी सुविधा. कामासमोर एकूण खर्च, आतापर्यंतचा खर्च आणि यंदाची तरतूद असते. यंदाच्या रकान्यात फक्त १००० रुपये दिसले तर काम जिवंत ठेवले आहे, पण यंदा होणार नाही. फ्लेक्स काहीही म्हणोत.

पासाचे दर वाढले का? आणि पास कोणत्या गाडीला चालतो?

जुलै २०२५ च्या भाडेवाढीतून मासिक पास वगळला होता. पास साधारण १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. म्हणजे कोल्हापूरहून कराडचा बसतो, साताऱ्याचा नाही. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट, वर्षाचा १०.८ पट. वंदे भारतमध्ये तो चालत नाही, आरक्षित डब्यातही नाही. कोविडनंतर पॅसेंजरला ‘स्पेशल’ म्हणून एक्स्प्रेसचे भाडे, किमान ३० रुपये, घेतले जात होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा किमान १० वर आले. संसदेत आणि रस्त्यावर चार वर्षे तगादा लागला तेव्हा.

इंग्लंडसारखे खासगी कंपन्यांना मार्ग चालवायला दिले तर सुधारेल का?

इंग्लंडने १९९३ च्या कायद्याने तसे केले आणि आता ते उलटे फिरवत आहे. सरकार ठरावीक वर्षांसाठी मार्गाचा ठेका देई, कंपनी ठरलेली रक्कम भरण्याचे किंवा अनुदान घेण्याचे मान्य करी. उत्पन्नाचे अंदाज फुगवून ठेका घ्यायचा आणि मग पेलवेना म्हणून सोडायचा, हे लंडन–एडिंबरा मार्गावर २००७, २००९ आणि २०१८ असे तीनदा झाले. कोविडमध्ये ही पद्धत मोडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक मालकीचा कायदा झाला आणि २५ मे २०२५ ला साउथ वेस्टर्न रेल्वे सरकारी ताब्यात आली.

त्यांच्याकडून घेण्यासारखे एक आहे. तिथे ‘डिले रिपे’ ठेक्यातच लिहिलेले असते: बहुतेक ठिकाणी १५ मिनिटे उशिराला एकेरी भाड्याचे २५ टक्के, ३० मिनिटांना ५०, तासाला पूर्ण. कारण काहीही असो. आपल्याकडे आयआरसीटीसीच्या लखनौ–दिल्ली तेजसने २०१९ मध्ये तासाला १०० आणि दोन तासांना २५० रुपये देऊ केले होते, ती योजना पुढे गुंडाळली गेली. आणि २०२० मध्ये १५१ खासगी गाड्यांसाठी १२ गटांत ३५ वर्षांच्या करारांच्या निविदा काढल्या, तेव्हा प्रत्यक्ष बोली फक्त ३ गटांना आल्या. कोल्हापूर–मिरजसारख्या दहा रुपयांच्या मार्गाला कोण येणार होते?

पुरात गाड्या बंद करण्याचा निर्णय कोण घेतो?

विभागाचे अभियंते. पुलाच्या खांबावर धोक्याची पातळी रंगवलेली असते. रुकडीजवळच्या पंचगंगेच्या पुलावर पाणी तिथवर आले की वाहतूक थांबते, २०१९ मध्ये तशी ती थांबली होती. पाणी उतरल्यावरही लगेच सुरू होत नाही. खांबाच्या पायाजवळची माती वाहून गेली आहे का, भराव खचला आहे का हे पाहून पहिली गाडी कमी वेगाने सोडतात. स्थानकातल्या फळ्यावर किंवा व्हॉट्सॲपवर विसंबू नका. एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या गाडी-चौकशीच्या संकेतस्थळावर, गाडी ‘मिरजेपर्यंतच’ दाखवली आहे का ते बघा, तशी असेल तर परताव्यासाठी टीडीआर भरावा लागतो.